उजवीकडून तिसरा

कार्तिक, दिवाळी उलटली. शके १८३९

फागू जाताना सांगून गेला होता की आजे, मी नसताना इथं काय काय होतं ते लिहून ठेव, आल्यावर मला वाचून दाखव. त्याला जाऊन वर्ष होत आलं आणि मी पहिली ओळ आज लिहिते आहे. आळस, दुसरं काय. त्याला स्वतःला वाचता येत नाही. पाटी दिली तर तिच्यावर बैल काढायचा. मला तरी कुठं धड येतं? जव्हारात भाऊसाहेब, आता कचेरीत साहेब आहेत ते, लहान असताना मी त्यांना सांभाळायला होते, तेव्हा त्यांच्या आईने लेकराबरोबर मलाही बाराखडी गिरवायला लावली. तेवढ्यावर चाललंय. जोडाक्षर आलं की मला घाम फुटतो.

फागू माझा नातू. गौराचा एकुलता एक. माझा लेक मोहाच्या झाडावरून पडून गेला तेव्हा हा रांगत होता. आता घरात आम्ही दोघी, मी आणि माझी सून. गौरा बोलत नाही आणि मी थांबत नाही. असं आमचं बरं चालतं.

लढाईवर गेला म्हणजे बंदूक घेऊन नाही. जव्हारच्या बाजारात भरतीवाला आला होता, त्याने फावडी मारायला आणि ओझी वाहायला पोरं नेली. कपडे मात्र शिपायाचे दिले. फागू ते अंगात घालून दारात उभा राहिला, एक खांदा वर आणि एक खाली. कावड सदा डाव्या खांद्यावर, त्याने तो खांदा उतरला आहे. मी म्हटलं, सरकारचे कपडे घातलेस, आता तरी सरळ उभा राहा. हसला नुसता.

एकदा कोणाकरवी निरोप आला होता. बसऱ्याला पोचलो, इथं डोंगर नाही. बास, एवढाच. डोंगर नाही म्हणे. मग काय आहे ते सांगायचं नाही का?

नागली झोडून झाली. बरी आली.

मार्गशीर्ष, सुरुवात

कचेरीचा शिपाई आला. उभ्यानेच म्हणाला की लढाईवर गेलेल्या फागूच्या घरच्यांनी जव्हारला कचेरीत यावं. मी विचारलं, कशाला? तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, अंगठा कुठं पळून जात नाही, वर बघून सांग. तेव्हा म्हणाला, एक फागू मेला आहे, पण कोणता ते कळत नाही.

कळणार कसं? आमच्याकडे फाल्गुनात झाला की फागू, पौषात झाला की पोश्या. नाव शोधायला कोणाला वेळ आहे? त्या भरतीत तीन फागू गेले. एक आमचा जामसरचा. एक वांगणीचा. एक पोशेऱ्याचा, काळीचा. काळी आमच्या जामसरची लेक, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून इथं आली होती. त्याच फाल्गुनात गौराही बाळंत झाली. दोन्ही पोरं मीच काढली, एकाच इळ्याने दोघांची नाळ कापली. भरतीवाल्या कारकुनाने आडनाव विचारलं, पोरांना कळेना, तर त्याने सगळ्यांना फागू जव्हारकर लिहून टाकलं. काळीचं गाव संस्थानात नाही, खालसात, म्हणजे इंग्रजाच्या मुलखात आहे, तरी तोही जव्हारकर.

गौराला सांगितलं. ती सुपातली नागली पाखडत होती. पाखडत राहिली. सूप रिकामं झालं तरी.

मार्गशीर्ष, पुनवेच्या अलीकडे

काल कचेरीत जाऊन आलो. सगळं नीट लिहिते, फागूला सांगायचं आहे. त्याच्या नावाने काय काय गोंधळ झाला ते ऐकून तो पोट धरून हसेल.

आम्ही दोघी गेलो. काळी आली होती, बरोबर तिची सून माघी. आणि ओट्यावर बघते तर वांगणीचा फागू स्वतः बसलेला. त्याला मुंबईच्या धक्क्यावरूनच खोकल्यामुळे परत पाठवलं होतं, हे कोणी कचेरीला कळवलंच नाही. शिपायाने बोलावलं म्हणून आला. भाऊसाहेबांना विचारतो, साहेब, मी मेलोय का? भाऊसाहेब म्हणाले, तुझं तूच सांग. सगळे हसले. मीही हसले. मग हसणं थांबलं, कारण तीन उणे एक म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं.

भाऊसाहेबांनी पत्र वाचलं. तिथं फागू जव्हारकर दोन, त्यांचे नंबर एकमेकांत मिसळले. एक तापाने गेला. दुसरा टोळीबरोबर नदीच्या वर कुठं पुढे गेला, त्याच्याकडून उत्तर नाही. तिथल्या साहेबाला मेलेल्याचा चेहरा ठाऊक होता, म्हणून टोळीचा फोटो पाठवला आहे. गाववाल्यांनी ओळखून कळवावं.

खूण म्हणून लिहिलं होतं, पोटावर डागल्याचे व्रण. भाऊसाहेबांनी हे जरा जोरात वाचलं, जणू सापडलाच. आम्ही बायका एकमेकींकडे बघायला लागलो. आमच्याकडे लेकराचं पोट फुगलं की डागतात. वांगणीच्या फागूने सदरा वर केला आणि आपलं पोट दाखवलं. मी म्हटलं, भाऊसाहेब, आमच्या आणि काळीच्या, दोघांना मीच डागलं आहे. ही खूण माझ्या हाताची आहे, पोरांची नाही.

मग फोटो पुढे ठेवला.

मी म्हणत होते, मी ह्यांना जन्मताना बघितलंय, मला काय अवघड. पण मी बघितलं ते नागवे. इथं सगळ्यांना टोपी, सगळ्यांना खाकी, पायाला पट्ट्या. तोंडं चिंचोक्याएवढी. सगळे एकाच आईचे. काळी म्हणाली, ह्यातला एकही माझा नाय, हे सगळे साहेब हायेत. माघीने पदराने फोटो पुसला, तरी कोणी ओळखेना.

मी तोंडं सोडून दिली. उभं कोण कसं आहे ते बघितलं. मागच्या रांगेत, माझ्या उजव्या हाताच्या बाजूला, टोकापासून तिसरा. डावा खांदा खाली. साहेबाचं यंत्र समोर, तरी ह्याला सरळ उभं राहता येत नाही. म्हटलं, हा आमचा. गौराने बघितलं आणि मान डोलावली. त्याच रांगेत माझ्या डाव्या हाताच्या टोकाकडून काळीचा सापडला. टोपी कानांवर बसेना म्हणून मागे सरकलेली. ते कान मी त्याला काढताना पाहिले होते आणि काळीला तेव्हाच सांगितलं होतं, ह्याला वारा लागू देऊ नको, उडेल. तोही टोकापासून तिसरा.

भाऊसाहेबांनी पुन्हा पत्र बघितलं. त्यात लिहिलं होतं, मेलेला मागच्या रांगेत उजवीकडून तिसरा.

भाऊसाहेब फोटोवर बोट नेत होते आणि मागे घेत होते. हळूच म्हणाले, "राहीआजी, उजवीकडून म्हणजे आपल्या उजव्या हाताकडून असेल."

मी म्हटलं, "देवाला कौल लावतो तेव्हा उजवं फूल कोणतं? तुमच्या हाताकडचं का देवाच्या?"

"देवाच्या."

"मग? समोर उभा आहे त्याची उजवी ती त्याची. माणसाला एक आणि देवाला एक असं असतं का?"

पत्रात उलगडून लिहिलेलं नाही, असं ते म्हणाले. काळीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघून बोट ठेवलं, ज्या बाजूला ठेवायचं त्या बाजूला. कानवाल्यावर. ती खाली बसली. म्हणाली, राहीआय सांगते म्हणजे तसंच असणार. माघी उभीच होती. तिला वेळ लागला.

भाऊसाहेबांनी उत्तरात पोशेरा लिहिलं. लिहिताना गौराकडे बघत होते. तिच्याकडे काय बघायचं होतं कोण जाणे.

मार्गशीर्ष संपत आला

पोशेऱ्याला काळीकडे राहून आले. गौराही होती. माझ्या हातचं पोर, मी नाही बसणार तर कोण? काळी चांगली रडते. काही जणी नुसत्या ओरडतात, ही एकेक गोष्ट काढून रडते. माझ्या फागू, तू मासे धरायचास, माझ्या फागू, तू शेंगा भाजून आणायचास. ऐकणाऱ्याला सगळं पोर डोळ्यांपुढे दिसतं. माघीच्या बांगड्या फोडल्या. तिचा बाप आला होता, तो लगेच म्हणाला की माझी पोर तरणी आहे, तिला इथं सुकवायची नाही. मी म्हटलं, दिवस तरी होऊ दे.

एक लिहून ठेवते. काळी गळ्यात पडली तेव्हा मला आतून बरं वाटलं. आपला जिता आहे म्हणून. बरं वाटलं ते वाटलं, त्यात लपवायचं काय? कोणाही आजीला वाटलं असतं.

पौष

गौराच्या डोक्यात काय आहे देव जाणे. फागूची घोंगडी शेजारच्या लाडक्याला देऊन टाकली. म्हटलं, तो आल्यावर काय पांघरेल, तुझा पदर? म्हणते, लाडक्या थंडीने कुडकुडत होता. लाडक्या वर्षानुवर्षं कुडकुडतो आहे, आजच कसा दिसला?

पौष, संक्रांत झाली

गौरा डोक्याला तेल लावत नाही. मोहाचं तेल भरपूर आहे. केस नुसते गवतासारखे. विचारलं तर म्हणते, विसरले. रोज कोण विसरतं? मी धरून बसवलं आणि लावायला गेले तर उठून पाण्याला गेली. हंडा भरलेला होता.

काळीच्या दुःखाने हिला लागलं असेल. दोघी एका खोलीत बाळंत झालेल्या.

माघ

काल मनात आलं म्हणून गावदेवीला कौल लावायला गेले. भाऊसाहेबांच्या बोलण्याने नाही. असंच. माझा फागू खुशाल असेल तर उजवं फूल दे, म्हटलं. दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली आणि बसले. ऊन डोक्यावर आलं तरी एकही पडेना. मला डुलकी लागली. डोळे उघडते तर लाडक्याची शेळी उजवं फूल खात होती.

ह्याला पडलं म्हणायचं का दिलं म्हणायचं? शेळीला एक दगड मारला आणि घरी आले.

देवीने तरी फोटो कुठं बघितला आहे.

माघ, दुसरा पंधरवडा

काही नाही. लिहायला बसले आणि डोळ्यांपुढे तो खांदाच येतो. उठते.

फाल्गुन, शिमगा झाला

काळीचा दीर जिवा आला होता. चैत्रात माघीचा पाट लावायचा ठरला आहे. नवरा तिच्या बापाच्या गावचा, बायको मेलेला, माणूस बरा. काळी हो म्हणाली. तिची हरकत नाही पण तिने सांगून पाठवलं आहे की राहीआयने यायला पाहिजे, तिच्या तोंडून हो निघू दे, म्हणजे माझ्या फागूला वर राग येणार नाही.

मी जिवाला म्हटलं, माझं तोंड काय देवळाची घंटा आहे, कोणीही वाजवावी? तो हसला आणि गूळ खाऊन गेला.

गौरा चुलीपाशी होती. ती गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली. म्हणाली, आत्या, एकदा पाट लागला की तो सोडवता येतो का? मी म्हटलं, सोडवायचा कशाला? ती म्हणाली, असंच विचारलं.

जेवले नाही. नागलीची भाकरी कडक झाली होती.

फाल्गुन, अमावस्येच्या आधी

आज एकटी जव्हारला गेले. गौराला सांगितलं, मीठ आणायचं आहे. मीठ घरात होतं.

भाऊसाहेब कचेरीत होते. मी म्हटलं, तुमच्या वडिलांचा फोटो इथं भिंतीवर आहे ना, दादासाहेबांचा, तो बघायचा आहे, फार दिवस झाले. मागे कधी दरबार भरला तेव्हाचा तो फोटो, दोन रांगा पगड्यांच्या. त्यांना नवल वाटलं पण उठून दाखवला. दादासाहेबांना ओळखायला मला वेळ लागत नाही. त्यांच्या घरी मी उष्टी काढली आहेत. एक डोळा जरा बाहेर बघणारा. ते खुर्चीवर बसलेले होते, माझ्या डाव्या हाताकडून दुसरे.

खाली नावं लिहिली होती. मला बारीक अक्षर लागत नाही. म्हटलं, वाचा. त्यांनी वाचलं, बसलेले, डावीकडून पहिले अमुक. डावीकडून दुसरे, आणि पुढे त्यांच्या वडिलांचं नाव.

मी माझा डावा हात वर करून बघितला. मूल धरते तो हात. उजव्या हाताने कापते. माझा कुठला हात कुठला ह्यात माझी चूक कधी होत नाही. दादासाहेबांच्या बाजूने बघितलं तर ते उजवीकडून दुसरे झाले असते. पण लिहिणाऱ्याने बघणाऱ्याची डावी धरली होती. दादासाहेबांची नाही.

म्हटलं, सगळ्या फोटोंत असंच लिहितात? ते म्हणाले, "हो आजी. सगळ्या."

शिपायाने पाणी आणलं. भाऊसाहेबांनी दौत पुढे ओढली आणि माझ्याकडे बघत राहिले. लहान होते तेव्हा पडले की असेच बघायचे, रडू का नको म्हणून. मी म्हटलं, लिहा. जामसर लिहा.

येताना घाटात बसले होते थोडी. मोहाची फुलं पडायला लागली आहेत. पायाखाली येतात.

गौराला अजून सांगितलं नाही. विचारलंही नाही तिने, मीठ कुठं आहे म्हणून.

चैत्र. शके १८४०

सगळं झाल्यावर लिहिते आहे.

पहाटे निघाले. काय सांगावं ते वाटेवर ठरवीन म्हटलं. मागे वळून बघते तर गौरा येते आहे. म्हटलं, तू कशाला? म्हणाली, मीही येते. जव्हार मागे पडलं, उतार लागला, मोखाड्याच्या वाटेला लागलो, तरी आमच्यात शब्द नाही. मी नेहमी बडबडते तिथंही नाही. उन्हं कलली तेव्हा पोशेऱ्याला पोचलो.

अंगणात मांडव नाही, पाटाला मांडव नसतो, पण माणसं बरीच. तिकडचा नवरा खाटेवर बसलेला, नवं धोतर, खाली मान. माघी आत. काळीने माझे पाय धुतले आणि म्हणाली, आता तू आलीस, आता होऊ दे. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आणि माझी जीभ उचलेना. आयुष्यभर ह्या जिभेने लोकांना झोडलं. पाटलाला झोडलं, भगताला झोडलं, कचेरीतल्या कारकुनाला झोडलं. तिथं ती टाळूला चिकटून बसली. मी म्हटलं, ते उजवं, ते चुकलं. कोणाला कळलं नाही. जिवा म्हणाला, आजीला ऊन लागलं, कांजी द्या.

मग मी उठले. म्हटलं, पुरुषांनो, भिंतीला पाठ लावून रांगेत उभे राहा. हसायला लागले. मी दोघातिघांना दंडाला धरून उभं केलं. मी सुईण आहे, मला हाताला धरून हलवायची सवय आहे. नवऱ्यालाही उठवला. रांग झाली. मी समोर जाऊन उभी राहिले, साहेबाचं यंत्र असतं तिथं. म्हटलं, हा फोटो. मी ह्यांच्या समोर आहे. साहेब लिहितो उजवीकडून, म्हणजे उभ्या असलेल्यांची उजवी नाही. बघणाऱ्याची. माझी. हा हात.

मी हात वर केला आणि त्या हाताकडून मोजायला लागले. पहिला जिवा. दुसरा त्याचा लेक. तिसऱ्या जागी कोणी एक पोशेऱ्याचा माणूस होता.

गौरा माझ्या मागे होती. ती पुढे गेली, त्या माणसाला हाताने बाजूला सारलं आणि तिसऱ्या जागी स्वतः उभी राहिली. डावा खांदा खाली करून.

तेव्हा मला कळलं. तिला कचेरीतच कळलं होतं. पहिल्या दिवशी, भाऊसाहेब बोलले तेव्हाच. मी म्हटलं म्हणून ती गप्प राहिली होती.

मी म्हटलं, "काळी, हा उजवीकडून तिसरा. हा माझा. तुझा नाही मेला."

काळी आधी गौराकडे बघत राहिली. मग आत धावली आणि माघीला ओढून बाहेर आणली, आणि तिला सांगता येईना, नुसती तिची रिकामी मनगटं धरून हलवत होती. जिवाने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला बाजूला घेऊन गेला. बिचारा, त्याने कोणाचं काय वाईट केलं होतं? मग अंगणात आवाज सुरू झाला. कोणी हसत होतं, कोणी काळीला शिव्या देत होतं की जित्या पोराचे दिवस घातलेस. पाटासाठी आणलेला ढोल कोणीतरी वाजवायला घेतला. माझ्याकडे काळी दोनदा रागाने आली आणि दोनदा न बोलता परत गेली. मारली असती तर मी उभी राहिले असते.

आम्ही रात्र तिथंच एका कडेला काढली. सकाळी निघालो. त्यांच्या घरात आमचं काय काम?

चैत्र, दुसऱ्या दिवशी

पोशेऱ्याची शेवटची घरं मागे पडली तेव्हा मागून काळी आली. डोक्यावर गाठोडं. मी म्हटलं, तुझ्या घरी जिता परत आला आहे, तू कुठं चाललीस? म्हणाली, तो यायला अजून वेळ हाय. चाल.

वाटेत तिने एवढंच विचारलं, मला चुकून रडवलंस की मुद्दाम? मी म्हटलं, मला जे बघायचं होतं ते मी बघितलं. ती म्हणाली, हं. पुढे ते काढलं नाही.

जामसरला पोचलो. शेजारणी ओट्यावर जमल्या, त्यांना काळीनेच सांगितलं. मग ती घरात आली, भिंतीशी बसली, पदर सोडला आणि रडायला लागली. मी म्हटलं, काळी, हे तुझं काम नाही. म्हणाली, "मला सवय झालीय, राहीआय. तुम्हांला नाय."

आणि सगळं तिला तयार होतं. माझ्या फागू, तू मासे धरायचास. माझ्या फागू, तू शेंगा भाजून आणायचास. आमचाही धरायचा, आमचाही आणायचा. ह्या डोंगरातली पोरं दुसरं काय करतात? मला वाटलं होतं तिला कुठंतरी नाव तरी बदलावं लागेल. तेही नाही. तोच फागू.

मग गौराचा आवाज आला. इतक्या वर्षांत तिला मी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. बाहेर उभ्या असलेल्या बायका आत आल्या.

मी उंबऱ्याशी बसले होते. मला येत नव्हतं. बाळंतिणींना ओरडायला लावलं, दुसऱ्यांच्या मड्यावर रडले, पण इथं तोंडातून काही निघेना. काळीने रडता रडता हात लांब करून माझा गुडघा धरला. म्हणाली, काही सांगू नको, राहीआय, नुसतं नाव घे.

घेतलं.